सहाव्या भागाने सावकाश

आमच्या घरात एक माणूस हवेत लटकलेला होता, हे मी सहसा कुणाला सांगत नाही. उंची अंगठ्याएवढी, अंगात निळा कोट, हातात मिटलेली छत्री. मागे एक कडा, खाली खड्डा, आणि पुढे काय आहे ते टीव्हीच्या पडद्याबाहेर. माझ्या काकांनी त्याला उडी मारायला लावली आणि तो हवेत असतानाच खेळ थांबवला. तेव्हा मी पहिलीत होते. पुढे मी कानाच्या दवाखान्यात लोकांना श्रवणयंत्रं जुळवून द्यायला लागले, तरी तो हवेतच होता.

थांबवण्याचं कारण काकू. काका जमिनीवर मांडी घालून खेळत होते आणि काकूने आतून येऊन विचारलं, "कोपऱ्यावरचा गाळा रिकामा झालाय. शिवणकामाचं दुकान टाकावं म्हणते. घेऊ का?"

काकांनी खेळ थांबवायचं बटण दाबलं आणि म्हणाले, "एवढी उडी होऊ दे, मग सांगतो."

त्यानंतर उडीही झाली नाही आणि उत्तरही आलं नाही. काकांचं म्हणणं असं, की खड्डा भलता रुंद आहे. हवेत असताना ठेक्याच्या नेमक्या ठोक्याला दुसऱ्यांदा बटण दाबलं तर छत्री उघडते आणि माणूस तरंगत पलीकडे जातो. ठोका चुकला तर गेला खड्ड्यात. त्यात हा त्याचा शेवटचा जीव. मेला तर सगळं पहिल्यापासून. म्हणून उडी पूर्ण तयारीनिशीच मारायची. काकूचं म्हणणं आणखी थोडक्यात होतं. "मी एकदा विचारलंय. उत्तर मिळाल्याशिवाय दुसऱ्यांदा विचारणार नाही."

दोघांच्या हट्टात घराचं मातेरं व्हायचं ते झालं. काकू झोपायच्या खोलीत खिडकीशी मशीन टाकून शिवायची आणि गिऱ्हाइकं पलंगावर बसून मापं द्यायची. कोपऱ्यावरच्या गाळ्यात सायकलवाला आला, मग चष्मेवाला, मग फुलवाला. एकेकाने गाशा गुंडाळला. दर वेळी त्या गाळ्याचं शटर खाली आलं, की काकू संध्याकाळी सहज म्हणून तिथून एक चक्कर मारून यायची आणि दुसऱ्या दिवशी आम्हा दोघांशी फार गोड वागायची. मला ते रागावण्यापेक्षा वाईट वाटायचं. आता तो गाळा परत रिकामा झाला होता.

खेळ बंद करून ठेवायची सोयच नव्हती. तेव्हाचे स्वस्त खेळ असेच, वीज गेली की सगळी कमाई गेली. म्हणून काकांनी यंत्राला एक बॅटरी जोडली होती, ती घटकाभर तग धरायची. टीव्ही ते बंद ठेवत, पण यंत्राला जोडलेला छोटा स्पीकर नाही. "आवाज बंद केला तर मशीन जिवंत आहे की मेलंय ते कळणार कसं?" असं ते विचारायचे आणि आम्ही गप्प बसायचो, कारण खरंच कळलं नसतं.

तर खेळ चालू असताना एक चाल वाजते. तो थांबवला, की तिच्यातली वरची बासरी बंद होते आणि खालचा ठेका तेवढा वाजत राहतो. ढुम्म-टक-टक, ढुम्म-टक. हा ठेका आमच्या घरात अखंड चालू असे. काकू त्यावर शिवायची, केर काढायची, अंडी उकडायची. ठेक्याची एक पूर्ण फेरी मिनिटभराहून लांब; चार फेऱ्या झाल्या की मऊ, सहा झाल्या की घट्ट. घरात भिंतीवर घड्याळ होतं, पण अंड्यांच्या बाबतीत त्याला कुणी भीक घालत नसे.

काका लिफ्टदुरुस्तीचं काम करतात. लिफ्टची जमीन आणि मजल्याची जमीन एका रेषेत आली पाहिजे, यात त्यांचा हात धरणारा कुणी नाही. पण उडीचा सराव करायचा तर कामावरही ती चाल जवळ हवी, आणि ती मी त्यांना मिळवून दिली. जुन्या खेळांमधलं संगीत उपसून काढायचं आणि जगाला फुकट ऐकायला ठेवायचं, असा उद्योग करणारं आमचं एक मंडळ आहे. मी त्यात वेगतपासनीस आहे. चाल मूळ यंत्रावर जितक्या वेगाने वाजायची तितक्याच वेगाने वाजते की नाही, ते बघायचं. हसू नका. वेगावरून आमच्यात डोकी फुटायची वेळ येते. मागे एका बर्फाच्या गुहेतल्या चालीवरून दोन सख्खे साडू कायमचे दुरावले.

मंडळाचे अध्यक्ष पेशाने दातांचे डॉक्टर. रविवारी त्यांच्या दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत सभा भरते. मंडळात खेळ कुणीच खेळत नाही. खेळणारा माणूस आमच्यात जरा उथळ समजला जातो.

छत्रीवाल्याची चाल स्वतः अध्यक्षांनी उपसलेली होती. काकांनी ती फोनवर घेतली आणि पुढे वर्षानुवर्षं, लिफ्टच्या खाली उताणे पडून, कानात ती चाल घालून पान्ह्याच्या दांड्यावर अंगठा दाबायचा सराव केला. "अंगठा तयार होत आलाय," असं ते दर वर्षी सांगत. काकू ते ऐकून न ऐकल्यासारखं करायची.

आणि मग एका सकाळी मी अंडी उकडली.

काकू एका गिऱ्हाइकाचं माप घेत होती. मी कानात फोन लावून स्वयंपाकघरात उभी होते, आणि फोनवर योगायोगाने तीच चाल चालू होती. चार फेऱ्या मोजल्या, अंडी उतरवली. काकूने पहिलं फोडलं तर आतलं सगळं तिच्या बोटांवरून कोपरापर्यंत ओघळलं.

"ठमे, किती फेऱ्या?"

"चार."

"ह्या चार?"

"चारच, काकू. मोजून."

"मग ही कुठल्या देशातली चार आहे?"

काकू वैतागून बोलली होती, पण मी कानातला फोन काढून घरातला ठेका ऐकला, तर तो संथ होता. अगदी तसंच झालं होतं. जुनी यंत्रं आपला वेग टीव्हीकडून उसना घेत. काही देशांतले टीव्ही सेकंदाला साठ वेळा चित्र काढत, काही देशांतले पन्नास वेळा. चाल बांधणाऱ्याने ती साठच्या देशात बसून बांधली. आमच्याकडचं यंत्र पन्नासचं. म्हणजे आमच्या घरातला ठेका सहाव्या भागाने सावकाश चालतो. चालही सावकाश आणि उडीही सावकाश. मंडळाची चाल मात्र साठची. मी वेगतपासनीस असून हे मला इतकी वर्षं कळलं नाही, कारण घरातला ठेका मी कधी संगीत म्हणून ऐकलाच नव्हता. स्वतःचा श्वास कोण तपासतं?

काका बूट घालत होते तेव्हा मी त्यांना सांगून टाकलं.

काकांनी हातातला बूट खाली ठेवला. मग आपल्या अंगठ्याकडे बघत म्हणाले, "म्हणजे हा परदेशी झाला?"

"थोडासा, काका."

"तरीच. मला वाटायचंच, हा जरा घाईत असतो."

त्याच आठवड्यात इमारतीतल्या सगळ्या वायरिंगचं काम निघालं. वीजवाला येऊन दारात उभा राहिला, कमरेला पक्कड, कानावर पेन्सिल. जुन्या तारा कुजल्या आहेत, म्हणाला. येत्या सोमवारी वीज तोडणार आणि नवीन तारा घालून होईपर्यंत, म्हणजे चांगले तीन-चार दिवस, ती यायची नाही.

"आमचं एक मशीन चालू ठेवावं लागतं," काका म्हणाले.

"ऑक्सिजनचं का?"

"नाही. एक माणूस हवेत आहे."

वीजवाल्याने काकांच्या खांद्यावरून आत बघितलं, मग काकूकडे बघितलं. काकूने मान हलवून दुजोरा दिला. तो बिचारा "सोमवारी येतो" एवढंच म्हणून जिना उतरला.

आता उडी सोमवारपर्यंत मारायलाच हवी होती, आणि मारणारा अंगठा सहाव्या भागाने घाईत. रविवारी काका माझ्याबरोबर सभेला आले. इस्त्रीचा शर्ट घालून दातांच्या चित्राखाली बसले आणि आपलं गाऱ्हाणं मांडलं. अध्यक्षांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"चालीचा खरा वेग म्हणजे बांधणाऱ्याच्या मनातला वेग," ते म्हणाले. "आमची चाल अचूक आहे. चुकीच्या वेगाने चालतंय ते तुमचं घर."

"घर कसं चुकीचं असेल?" काका म्हणाले. "आम्ही राहतो तिथे."

"राहायला हरकत नाही. पण अचूक म्हणता येणार नाही."

"मग माझ्या बायकोने उकडलेली अंडी?"

"ऐतिहासिकदृष्ट्या जास्त उकडलेली," अध्यक्ष म्हणाले.

त्यावर मंडळात दुफळी माजली. एकजण म्हणाला, जिथे जी चाल ऐकली गेली तिथे तीच खरी. दुसरा म्हणाला, मग उद्या बिघडलेल्या यंत्राचा वेगही खरा मानायचा का? एका सभासदाने तोडगा काढला, की काकांच्या यंत्रात साठच्या वेगाचा नवा भाग बसवावा, म्हणजे उडी अंगठ्याला जुळेल. सगळ्यांना तो फार आवडला. मग कुणाच्या तरी लक्षात आलं, की भाग बसवायला यंत्र बंद करावं लागेल. शेवटी ठराव झाला तो एवढाच: काकांच्या यंत्रावरून पन्नासच्या वेगाची चाल उपसावी, बासरीसकट, निर्मळ. मंडळ ती तपासेल आणि मग तिला संग्रहात घ्यायचं की नाही ते ठरवेल.

"बासरीसकट म्हणजे खेळ चालू करावा लागेल," मी म्हणाले.

"साहजिकच," अध्यक्ष म्हणाले. "खेळ म्हणजे शेवटी त्यासाठीच असतो."

घरी मी त्यांना फोनवरची चाल सहाव्या भागाने सावकाश करून दिली. पण जुना अंगठा इतक्यात वठणीवर येतो होय! त्यांची नुसती तारांबळ उडाली. जिना जुन्या वेगाने चढायचे, नव्या वेगाने उतरायचे आणि मधल्या पायरीवर अडखळायचे. दात घासताना एक बाजू लवकर व्हायची. त्याच दुपारी एका मोठ्या कचेरीत तातडीच्या कामाला गेले, तर त्यांनी जुळवलेली लिफ्ट मजल्याच्या वीतभर खाली थांबली. सगळ्या नोकरीत असं कधी झालं नव्हतं. घरी येऊन भिंतीला टेकून बसले आणि मला हळूच म्हणाले, "ठमे, तो पडला तर मी तुझ्या काकूला काय सांगू?"

"पडला तर पडला. तुम्ही नुसतं हो किंवा नाही सांगा ना!" माझा आवाज चढला. "उडीचा आणि दुकानाचा काय संबंध?"

"तसं कसं? उडी झाली की सांगतो म्हणालोय मी."

मी कपाळावर हात मारला. आतल्या खोलीत काकूचं मशीन ठेक्यात चाललं होतं ते क्षणभर थांबलं आणि परत सुरू झालं.

सोमवारी वीजवाला आला. आता त्याच्या चेहऱ्यावर थोडी भीती आणि बरंचसं कुतूहल होतं. काकांनी टीव्ही लावला. इतक्या वर्षांत निळ्या कोटाचा रंग उडून राखाडी झाला होता, पण माणूस होता तिथेच होता. मी स्पीकरसमोर माइक ठेवून ध्वनिमुद्रण चालू केलं आणि सगळ्यांना खुणेने गप्प राहायला सांगितलं. मंडळाला निर्मळ हवं होतं.

काका मांडी घालून बसले. खेळाचा बटणांचा डबा हातात घेतला. अंगठा बटणावर ठेवला. उचलला. पँटला पुसला. परत ठेवला. ढुम्म-टक-टक, ढुम्म-टक. वीजवाल्यालाही ठेका लागला, त्याची पक्कड मांडीवर आपटायला लागली. अंगठा काही खाली जाईना. काकांच्या कानशिलावरून घाम गळायला लागला, आणि मला त्या क्षणी त्यांचा राग यायच्या ऐवजी रडू यायला लागलं.

आतून काकू आली. गॅसवर अंडी ठेवून आली होती, हातात चमचा होता.

"कितवी फेरी चालली आहे? तुमच्या ह्या गडबडीत माझी मोजणी चुकली."

तिने काकांकडे बघितलं, त्यांच्या अंगठ्याकडे बघितलं. मग चमचा माझ्या हातात दिला, वाकली आणि काकांच्या हातातला डबा काढून घेतला.

"पुढे चालू करायचं बटण कुठलं?"

"मधलं," काका सवयीने बोलून गेले. "थांब! छत्रीचं वेगळं आहे, ते तिसऱ्या ठोक्याला..."

काकूने मधलं बटण दाबलं.

बासरी वाजली. ती चाल मी फोनवर हजार वेळा ऐकली होती. तिथे ती बासरी बस सुटत असल्यासारखी धावायची. इथे, आमच्या यंत्रावर, ती नुसती चालत होती. संध्याकाळी कामावरून परतताना माणूस रमतगमत चालतो तशी. चाल बांधणाऱ्याच्या मनात काय होतं ते अध्यक्षांनी ठरवावं, पण माझ्या अंगावर सर्रकन काटा आला.

आणि छत्रीवाला खाली उतरला. काकूने छत्रीचं बटण दाबलंच नव्हतं, तिला ते कुठलं हेही माहीत नव्हतं. पडदा बोटभर पुढे सरकला आणि तिथेच, कडेला, पलीकडची जमीन होती. तो तिच्यावर उभा राहिला. खड्डा घरातल्या मोरीएवढा होता. दुसऱ्यांदा काही दाबायची गरजच नव्हती. उडी मारायची तेवढी केव्हाच मारून झाली होती, फक्त त्याला खाली येऊ द्यायचं राहिलं होतं.

छत्रीवाला नव्या जमिनीवर उभा राहून पाय आपटत वाट बघू लागला. पुढे गवत होतं, एक ढग होता आणि लांब कुठेतरी दार असावं. आम्ही चौघं बघत होतो.

"एवढासाच होता?" काका म्हणाले.

"पुढे न्या की त्याला," वीजवाला कळवळून म्हणाला.

काकूने डबा काकांच्या मांडीवर ठेवला. ती दुसऱ्यांदा विचारणार नव्हतीच. पण जागची हललीही नाही. गॅसवर अंडी खळखळत होती आणि ती तिथेच, पदर खोचून, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत उभी राहिली. त्या घड्याळाकडे मी तिला पहिल्यांदाच बघताना पाहिलं.

वीजवाल्याला आपलं काम आठवलं. "मग करू का बंद?"

"हो," काका म्हणाले. ते काकूकडे बघत होते. "हो. घे दुकान."

"मी विजेचं विचारत होतो," वीजवाला म्हणाला.

"तेही कर."

तो बाहेर गेला. खटका पडल्याचा आवाज आला आणि बॅटरीने पिंपिं करायला सुरुवात केली. काकांनी हात लांब करून तिचाही खटका पाडला. पडदा मिटला. घर इतकं शांत झालं, की शेजारच्यांचा नळ ऐकू यायला लागला. मला वाटलं काका खचतील. पण त्यांनी नाक पुसलं, उठून स्वयंपाकघरात गेले आणि अंडी उतरवली. ती दगडासारखी झाली होती. आम्ही तिघांनी आणि वीजवाल्याने मीठ लावून खाल्ली, आणि जेवताना कुणाचाच घास कुणाच्या घासाबरोबर पडत नव्हता.

ध्वनिमुद्रण मी मंडळात दिलं. अध्यक्षांनी ते तीन रविवार तपासलं आणि नापास केलं. वेग अचूक आहे, असा त्यांनी शेरा मारला, बासरी निर्मळ आहे, पण शेवटाकडे दोन पुरुष विनाकारण बोलतात. ते कापून टाकलं तर संग्रहात घेता येईल. मी कापलं नाही. माझं तपासनिसाचं काम गेलं. त्याचं मला काडीचंही वाईट वाटलं नाही.

आता कोपऱ्यावरच्या गाळ्यात काकूची दोन मशीनं आहेत आणि मापं द्यायला खरीखुरी खुर्ची आहे. दिवसभर तेच मुद्रण फिरून फिरून वाजत असतं, कारण दुसऱ्या कुठल्याही वेगावर तिची शिलाई सरळ जात नाही. काका सुट्टीच्या दिवशी काजं करायला बसतात. त्यांचा अंगठा अजून मधूनच घाई करतो.

परवा एक नवीन गिऱ्हाईक बाई ब्लाउजचं माप देताना मधेच थबकली आणि इकडेतिकडे बघायला लागली.

"ह्या गाण्यात कोण 'हो' म्हणतं हो?"

"आमचे हे," काकूने टेप तिच्या खांद्यावर धरूनच सांगितलं. "उशिरा म्हणाले. हात जरा वर करा."